हजेरी मागणारे खेळ

२०१० च्या सुमारास सदाशिव पेठेतल्या आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या लिटरांच्या नोंदींशेजारी, पेन्सिलीने लिहिलेले काही न कळणारे आकडे दिसू लागले. ‘स्ट्रॉ. ३.३०’, ‘सोया उद्या स.’ अशा त्या नोंदी होत्या. शाळेतून निवृत्त झालेली आत्या फेसबुकवरचे फार्मव्हिल खेळत होती. जून २००९ मध्ये आलेल्या या खेळात स्ट्रॉबेरी लावली की ती चार तासांनी तयार होई, सोयाबीनला पूर्ण दिवस लागे, आणि पीक तयार होऊनही मालक फार वेळ फिरकला नाही तर ते सुकून जाई व लावणीचा खर्च पाण्यात जाई. “वहिनी, माझी स्ट्रॉबेरी निघायला आलीय, तेवढ्या चार पोळ्या तुम्ही लाटून घ्या,” असे माझ्या आईला सांगून आत्या पदराला हात पुसत संगणकाकडे गेल्याचे आमच्या घरातल्या सगळ्यांनी पाहिले आहे. तिला कोणी हसले तर ती म्हणे, “तुमचं काय जातंय? माझं बियाणं वाया जाईल ना.”

तिचे सारे आयुष्य शाळेच्या घंटेवर गेले होते, त्यामुळे त्या खेळाने तिला नेमके कुठे पकडले हे समजायला अवघड नाही. त्यात कौशल्य लागत नव्हते, नशिबाचाही फारसा भाग नव्हता. वेळेवर हजर राहणे एवढे एकच त्यात मागितले जात होते, आणि त्या बाबतीत आत्याचा हात धरणारे आमच्या घराण्यात कोणी नव्हते.

बुद्धिबळाचा डाव अर्धा सोडून उठलात तर प्यादी जागेवर थांबतात. आमच्या लहानपणी दूरदर्शन संचाला जोडून खेळायचे कॅसेटवाले खेळही तसेच होते: बटण दाबले की ते विझत, पुन्हा दाबले की पहिल्यापासून सुरू होत, आणि मधल्या काळात त्यांच्या जगात काहीही घडत नसे. ज्या खेळांविषयी मला लिहायचे आहे त्यांचे घड्याळ मात्र खेळणारा झोपला, परीक्षेला गेला, दवाखान्यात भरती झाला तरी चालूच राहते. १९९६ साली जपानमध्ये बांदाई कंपनीने आणलेल्या तामागोची नावाच्या अंड्याएवढ्या खेळण्याने हे अगदी उघडपणे केले होते. त्यातल्या प्राण्याला वेळच्या वेळी खाऊ घातले नाही, त्याची घाण साफ केली नाही, तर तो आजारी पडे आणि मरे. पुढे हीच कल्पना इतक्या रूपांनी पसरली की आज फोनवरच्या बहुतेक खेळांत ती कुठे ना कुठे दबा धरून बसलेली असते. त्या सगळ्यांना एकाच मापाने ‘व्यसन’ म्हणून निकालात काढणे मला पटत नाही, कारण यातल्या एका खेळाने मला जे दिले ते मी विसरलेले नाही.

तो खेळ ट्रॅव्हियन. २००४ साली जर्मनीत सुरू झालेला, ब्राउझरमध्येच चालणारा आणि दिसायला अगदीच साधा. रोमन, गॉल किंवा ट्यूटन यांपैकी एक जमात निवडायची, एक गाव मिळायचे, त्यात लाकूड, माती, लोखंड आणि धान्य ही चार साधने दर तासाला साचत जायची. कोठार भरले की वरचे वाया, म्हणून ते भरायच्या आत काहीतरी बांधायचे. सैन्य धान्य खाते, म्हणून धान्य उणे होऊ द्यायचे नाही, नाहीतर सैनिक उपाशी मरतात. कर्वेनगरच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात हा खेळ एका मैत्रिणीच्या लॅपटॉपला जोडलेल्या डेटा कार्डावरून आला आणि पाहता पाहता एका मजल्यावरच्या सात-आठ जणी त्यात गुंतल्या.

या खेळाची खरी धार हल्ल्यात होती. कोणी तुमच्यावर चाल करून येत असेल तर तो केव्हा पोहोचणार हे सेकंदापर्यंत दिसे, पण त्याच्याबरोबर किती सैन्य आहे हे मात्र दिसत नसे. दोन सैनिक पाठवून नुसती हूल दिली आहे की गाव बेचिराख करायला अख्खी फौज निघाली आहे, हे ओळखायचा मार्ग म्हणजे पाठवणाऱ्याचा स्वभाव जाणणे. साहजिकच शहाणा शत्रू पहाटे साडेतीनची वेळ गाठायचा. मग आमच्या अलायन्सचा, म्हणजे एकमेकांच्या मदतीला धावणाऱ्या खेळाडूंच्या गटाचा प्रमुख, जो नाशिकचा आहे यापलीकडे आम्हांला त्याच्याविषयी काही ठाऊक नव्हते, निरोप टाकायचा: “३.२७ ला पहिली लाट पोचतेय. कोण जागं असेल?” त्याला उत्तर देणे म्हणजे गजर लावणे. गावांमधले अंतर आणि फौजेतल्या सर्वांत मंद सैनिकाचा वेग यांवरून मदत किती वेळात पोहोचेल हे ठरे, त्यामुळे ती दोन लाटांच्या मधल्या फटीत उतरावी यासाठी प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानावर उलटे गणित मांडावे लागे. वॉर्डनच्या खोलीपर्यंत उजेड जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला टॉवेल लावून आम्ही ही गणिते केली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला मागच्या बाकावर बसल्या बसल्या डुलक्याही घेतल्या आहेत.

ट्रॅव्हियनच्या नियमांतच एक सोय होती. आपण काही दिवस नसू तर आपले खाते सांभाळायला दोन जणांना नेमता येत असे. त्यांना सिटर म्हणत. म्हणजे माणसाला झोप लागते, तो गावी जातो, त्याच्या घरी लग्नकार्य निघते, हे खेळ बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते आणि त्यावरचा उपाय म्हणून दुसऱ्या माणसाकडेच बोट दाखवले होते. माझ्या गावाची सिटर माझी खोलीतली मैत्रीण होती. तिचे वडील आजारी पडून ती सोलापूरला गेली तेव्हा तिची गावे मी सांभाळली, आणि मेसच्या रांगेत उभी असताना तिला फोनवर “तुझं धान्य प्लसमध्ये आहे, काळजी करू नकोस” असे सांगितल्याचे मला आजही आठवते. पलीकडे ती ससूनसारख्याच एका सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभी होती. हे वाक्य तिथे किती विसंगत होते आणि तरी तिला ते किती हवे होते, याचा उलगडा मला बऱ्याच उशिरा झाला.

आणि ट्रॅव्हियनला शेवट होता. साधारण वर्षभर चालणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे खेळाच्या एका फेरीच्या, उत्तरार्धात जगातले आश्चर्य बांधण्याची शर्यत सुरू होई. ज्या अलायन्सचे आश्चर्य आधी शंभराव्या पातळीला पोहोचे ती जिंके, आणि ते जग बंद होई. कोठारे, फौजा, वैरे, सगळे एका क्षणात पुसले जाई. नव्या सर्व्हरवर सगळे पुन्हा एका गावापासून. या पुसण्याचे दुःख होते असे मी म्हणणार नाही. आम्हांला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटकेत कोणाला दगा दिल्याची टोचणी नव्हती.

नंतर नोकरीला लागल्यावर हिंजवडीतल्या आमच्या टीममध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळणारा एक सहकारी होता. २००४ पासून चालू असलेला आणि २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदारांपर्यंत पोहोचलेला हा खेळ महिन्याची वर्गणी घेतो, त्यामुळे आपल्याकडे तो खेळणारे तसे मोजकेच. हा सहकारी युरोपातल्या सर्व्हरवर होता आणि त्याच्या गिल्डची, म्हणजे संघाची, रेड (‘बॉस’ म्हटल्या जाणाऱ्या बलाढ्य शत्रूवर सगळ्यांनी मिळून करायची चढाई) तिथल्या रात्री आठला सुरू होई, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. पंचवीस जणांत तो हीलर, म्हणजे जखमी सोबत्यांना बरे करणारा, होता. लढणारा एखादा कमी असला तर चालून जाते, हीलर नसला की सगळे मरतात. गिल्ड हजेरी ठेवत असे, आणि जिंकलेली हत्यारे-चिलखते वाटताना ती हजेरी बघितली जाई. सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी त्याचा चेहरा पाहून आदल्या रात्री बॉस पडला की नाही हे आम्हांला कळायचे.

याच खेळाच्या जन्मकाळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. फार वेळ सलग खेळणाऱ्यांना आवर घालावा म्हणून चाचणीच्या काळात बनवणाऱ्यांनी असे ठेवले होते की काही वेळाने खेळाडूचे पात्र दमेल आणि त्याला अनुभवाचे गुण निम्मेच मिळतील. चाचणी करणाऱ्यांनी त्यावर झोड उठवली. तेव्हा आकडे जवळपास तेच ठेवून फक्त मांडणी फिरवली गेली: विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट गुण, आणि ती शिदोरी संपली की नेहमीचे. लोक खूश झाले. दंडाला बक्षिसाचे कपडे घातले की माणूस आपण होऊन रांगेत उभा राहतो, हे या धंद्याला तेव्हापासून पक्के ठाऊक आहे. त्या वेळी तरी ही युक्ती खेळाडूला झोपायला पाठवण्यासाठी वापरली होती, हे नोंदवायला हवे.

हजेरीविषयी बोलताना पुण्यातल्या माणसाला ढोल-ताशा पथक आठवल्याशिवाय राहणार नाही. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून नदीपात्रात आणि मिळेल त्या मोकळ्या जागी संध्याकाळी सराव सुरू होतो, पावसात ढोलाची पाने सांभाळायची, कमरेला दोरी काचते, हाताला फोड येतात, आणि सरावाला दांड्या मारणाऱ्याला मिरवणुकीत ढोल मिळत नाही. माझी मावसबहीण ऑफिस सुटल्यावर घरी न जाता थेट सरावाला जाते; तिला कोणी व्यसनी म्हणत नाही, उलट चौकात तिचे फोटो काढतात. गिल्डच्या रेडमध्ये आणि या सरावात मला बांधिलकीच्या जातीचा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो एवढाच की पथकाला अनंत चतुर्दशी असते. दुसऱ्या दिवशी ढोल उतरतात आणि बहीण दोन दिवस झोपून काढते. माझ्या सहकाऱ्याच्या खेळात बॉस पडला की पुढच्या आठवड्यात तोच बॉस पुन्हा उभा असे, आणि तो पुरता जुना होण्याच्या आत नवा येई.

माणसांनी माणसांना दिलेला शब्द हा या खेळांचा पाया आहे याचे सर्वांत भव्य उदाहरण ईव्ह ऑनलाइनमध्ये घडले. आइसलँडमधल्या कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या या अंतराळातल्या खेळात कौशल्ये खऱ्या वेळेनुसार शिकली जातात. एखादे मोठे जहाज चालवायला शिकण्यात कित्येक महिने जातात, मग तुम्ही खेळत बसा अथवा बसू नका. २७ जानेवारी २०१४ रोजी एका बलाढ्य आघाडीकडून बी-आर ५ आर बी नावाच्या तारामंडळावरच्या ताब्याचे ठरावीक बिल भरायचे राहून गेले. ताबा गेला, शत्रू उतरला, आणि सुमारे २१ तास चाललेल्या लढाईत हजारो खेळाडू उतरून टायटन म्हणवणारी, खेळातली सर्वांत मोठी ७५ जहाजे नष्ट झाली. एकेक टायटन म्हणजे शेकडो माणसांनी महिनोन्‌महिने खणलेले, वाहिलेले, राखलेले खनिज. हे वाचताना मला सगळ्यांत जवळचे काही वाटले असेल तर ते साधे बिल. विजेचे, सोसायटीच्या देखभालीचे, नळपट्टीचे बिल भरण्याची जबाबदारी घरात नेमकी कोणाची होती, यावरून होणारी भांडणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. इथे त्यावरून महायुद्ध झाले.

आतापर्यंत सांगितलेल्या खेळांपैकी आत्याचे शेत आणि तामागोची सोडले तर बाकीच्यांत तुम्ही उशीर केला की दुसऱ्या कोणाचे तरी नुकसान होई, आणि तो कोणी तरी खराखुरा माणूस असे. फोनवरच्या खेळांनी जी खरी सुधारणा केली, आणि मी हा शब्द नाखुशीने वापरते, ती ही की माणसाची गरजच काढून टाकली. ताण तोच ठेवला आणि त्याच्या मागचा माणूस वजा केला. २०१२ पासून घरोघर पोहोचलेल्या कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो. त्या अर्ध्या तासात जगात कोणीही तुमची वाट पाहत नसते, तरी हात फोनकडे जातो. बॅटल पासची युक्ती तर त्याच्याही पुढची आहे. २०१३ मध्ये डोटा २ ने तिचे मूळ रूप आणले आणि २०१७ च्या अखेरीस फोर्टनाइटने ती रूढ केली. सिझनच्या, म्हणजे खेळाच्या एका ठरावीक मुदतीच्या, सुरुवातीला पैसे भरायचे, आणि मग त्या पैशांत मिळणाऱ्या वस्तू सिझन संपायच्या आत खेळून खेळून मिळवायच्या. नाही मिळवल्या तर पैसे गेले. एरवी माणूस पैसे देऊन कष्ट वाचवतो. इथे तो पैसे देऊन कष्ट विकत घेतो, आणि वर मुदतही.

आणि ज्याच्याकडून एवढी निष्ठा मागायची त्याच्याविषयी समोरच्या बाजूची बांधिलकी काय, हे पाहिले तर हिशेब फारच एकतर्फी निघतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे इथले सर्व्हर बंद झाले. त्याचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या काळात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी स्क्वाड करून बसणारी पोरे नुसतीच फोन हातात धरून बसलेली मी पाहिली आहेत. फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. द क्रू हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मार्च २०२४ च्या शेवटी सर्व्हरसकट बंद करण्यात आला, आणि ज्यांनी तो रोख पैसे मोजून विकत घेतला होता त्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. त्यातूनच युरोपात खेळाडूंची चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. विकत घेतलेली वस्तू घरात राहावी ही मागणी जगावेगळी नाही, पण ती मागावी लागते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा झाला. त्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. परंतु कायद्याला पैशाची बाजी दिसते, वेळेची दिसत नाही. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ठरवून दिला. ती सरकारी घंटा मला आत्याच्या शाळेच्या घंटेपेक्षा बरीच भीतिदायक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाचा विकार आहे, पण त्याच्या निदानाला साधारण बारा महिने टिकलेले आणि आयुष्याची घडी विस्कटून टाकणारे वर्तन लागते. पहाटे साडेतीनला उठलेली प्रत्येक मुलगी त्यात बसत नाही.

मला स्वतःला हवे आहे ते यापेक्षा साधे आहे. औषधाच्या पाकिटावर असते तसे खेळाच्या पानावर लिहिलेले असावे की हा खेळ आठवड्याला किती तास मागतो, नाही दिले तर काय बुडते, आणि तो संपतो का. आणि सुट्टीची सोय असावी. असे झाले तर खेळ विकले जाणार नाहीत, असे या क्षेत्रातला माझा एक मित्र हसून सांगतो. तसे असेल तर मग आपण नक्की काय विकत घेतो आहोत, हे त्याने एकदा सांगावे.

धायरीला राहणारा माझा भाचा क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळतो. फिनलंडच्या कंपनीचा हा २०१२ चा खेळ दोन्ही जातींची बांधिलकी एकाच डब्यात भरून देतो. एकीकडे दिवसेंदिवस चालणारी बांधकामे आणि रिकामे बसलेले बिल्डर, दुसरीकडे क्लॅन वॉर, म्हणजे खेळाडूंच्या दोन गटांमधली लढाई: एक दिवस तयारीचा, एक लढाईचा, प्रत्येकाला दोन हल्ले, आणि तुम्ही ते केले नाहीत तर तुमच्या क्लॅनचे तारे कमी. त्याच्या क्लॅनचा लीडर इचलकरंजीचा एक दुकानदार आहे, बाकीचे कुठले कुठले. दहावीच्या परीक्षेच्या आधी भाच्याने वॉरची ढाल हिरव्यावरून लाल केली, म्हणजे मला सध्या धरू नका, आणि चॅटवर तसे लिहिले. लीडरचे उत्तर आले, “बोर्ड आधी, भावा. जागा ठेवतो तुझी.” त्याच दुपारी खेळाकडून नोटिफिकेशन आले की सैन्य लढाईसाठी सज्ज आहे आणि गाव तुमची वाट पाहत आहे. भाच्याने ते मला दाखवले आणि विचारले, “मावशी, गावात आहे कोण वाट बघायला?” मग त्याने नोटिफिकेशन बंद केली, क्लॅन सोडला नाही. परीक्षा संपल्यावर तो परत गेला तेव्हा सगळ्यांचे टाउन हॉल, म्हणजे गावातली मुख्य इमारत, त्याच्या पुढे गेले होते. लीडरने त्याला वॉरच्या नकाशात सगळ्यांत खालचे गाव दिले आहे आणि रोज रात्री जेवणानंतर हल्ला कसा करायचा ते शिकवतो आहे.